ग्रीष्म-वर्षा ऋतुसंधिकाळ आणि अंगणातील जीवसृष्टी

ऋतुचर्येचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. कोणत्या ऋतूत कोणता दोष संचित होतो, कोणता प्रकुपित होतो, कोणता आहारविहार सेवनीय आहे आणि कोणता वर्ज्य आहे, हे प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षीच मुखोद्गत करतो. अडचण येते ती त्यापुढील पायरीवर. आज कोणता ऋतू चालू आहे, हे ठरवायचे कसे? दिनदर्शिका एक सांगते, पंचांग दुसरे सांगते आणि चिकित्सालयात येणारे रुग्ण तिसरेच सांगतात. वाशिम जिल्ह्यात ग्रीष्म आणि वर्षा यांच्या सीमेवर ही विसंगती जितकी जाणवते, तितकी ती इतर कोणत्याही ऋतूंच्या सीमेवर जाणवत नाही. एका आठवड्यात उष्माघात, मूत्रकृच्छ्र आणि नासागत रक्तपित्ताचे रुग्ण असतात. पुढच्याच आठवड्यात त्यांची जागा अतिसार, अग्निमांद्य, संधिशूल आणि दंशाचे रुग्ण घेतात. हा पालट कोणत्या दिवशी होणार, हे भिंतीवरील दिनदर्शिकेस ठाऊक नसते.

अंगणातील पक्षी, कीटक, सरडे, बेडूक आणि मुंग्या यांच्या वर्तनातून हा पालट वैद्यास बऱ्याच अंशी वाचता येतो. अशा वाचनास संहिताग्रंथांचा स्पष्ट आधार आहे. तो आधार आणि त्याचा आपल्या जिल्ह्यात करता येण्यासारखा व्यावहारिक उपयोग या लेखात मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

महिन्यांचे गणित आणि त्याच्या मर्यादा

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्याध्यायात माघापासून दोन-दोन महिन्यांचा एक ऋतू सांगितला आहे. त्यानुसार ज्येष्ठ व आषाढ हा ग्रीष्म आणि श्रावण व भाद्रपद ही वर्षा होय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ही गणना आहेच, शिवाय दोषांच्या संचय-प्रकोप-प्रशमाच्या दृष्टीने दुसरीही एक गणना दिली आहे. तिच्यात वैशाख व ज्येष्ठ हा ग्रीष्म आणि आषाढ व श्रावण हा प्रावृट् ऋतू येतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात पावसाच्या पहिल्या काळास प्रावृट् म्हटले असून वर्षा हा त्याचाच पुढील अनुबंध मानला आहे. गंगेच्या दक्षिणेकडील देशात पर्जन्य अधिक म्हणून तेथे प्रावृट् व वर्षा असे दोन ऋतू, तर उत्तरेकडे शीत अधिक म्हणून तेथे हेमंत व शिशिर असे दोन ऋतू, हे काश्यपमत टीकाकारांनी उद्धृत केले आहे. वऱ्हाड गंगेच्या दक्षिणेस आहे. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येथे मोसमी पाऊस अपेक्षित असतो. त्यामुळे आषाढ ग्रीष्मात धरणाऱ्या गणनेपेक्षा प्रावृट् मानणारी गणनाच आपल्या प्रदेशास अधिक लागू पडते, असे आमचे मत आहे.

तथापि ही गणनाही दरवर्षी जुळतेच असे नाही. चांद्रमास आणि सूर्याची गती यांचा मेळ घालण्यासाठी अधिक मास येतो आणि त्यायोगे महिने मागे-पुढे सरकतात. २०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला होती, तर २०२६ साली ती २५ जुलैला येते. शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक असून तो १७ मे ते १५ जून असा आहे, आणि त्यानंतर निज ज्येष्ठ संपण्यास १४ जुलै उजाडतो. अशा वर्षी ‘आषाढ संपेपर्यंत ग्रीष्म’ असे धरल्यास ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रुग्णास ग्रीष्मचर्या सांगावी लागेल. शेतात सोयाबीन गुडघाभर वाढलेले असताना सातूचे मंथ आणि थंड जलपान सांगणारा वैद्य अग्निमांद्याचे रुग्ण वाढवील, यात शंका नाही.

आपल्या शेतकऱ्याने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. पेरणीचा विचार तो महिन्याने करीत नाही, सूर्यनक्षत्राने करतो. मृग नक्षत्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते, त्यात अधिक मासाने फरक पडत नाही. परंतु मृग लागले म्हणजे पाऊस आला असेही नाही. २०२५ साली मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाले. मे महिन्यातच राज्यात ठिकठिकाणी जोरदार पाऊस झाला. विदर्भाच्या मोठ्या भागात मात्र त्यांची पुढील वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली. मुंबईची बातमी वाचून वाशिमचा ऋतू ठरविणे योग्य नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले. अकोल्याच्या तापमानावरून वाशिमचा ग्रीष्म ठरविणेही तितकेच अयोग्य आहे, कारण अकोला पूर्णेच्या खोलगट मैदानात आहे आणि वाशिम त्याहून बऱ्याच उंचीवरील पठारावर. देश हा प्रत्येक वैद्याने स्वतःच्या उंबरठ्यापासूनच पाहावा लागतो.

संहितांतील प्राणिलक्षणे

सुश्रुताचार्यांनी महिने सांगून विषय संपविलेला नाही. त्याच सहाव्या अध्यायात त्यांनी अव्यापन्न, म्हणजे न बिघडलेल्या ऋतूंची लक्षणे दिली आहेत आणि त्यांत प्राणी व वनस्पती यांना महत्त्वाचे स्थान आहे. ग्रीष्माच्या वर्णनात तप्त भूमी, नैर्ऋत्येचा असुखकर वारा आणि क्षीण झालेल्या नद्या यांच्याबरोबर भ्रांत झालेली चक्रवाकांची युगुले व पाण्यासाठी व्याकूळ झालेले मृग येतात. प्रावृट्‌च्या वर्णनात पश्चिमेच्या वाऱ्याने ओढून आणलेले मेघ, कोवळे श्यामल गवत, इंद्रगोप कीटकांनी उजळलेली भूमी आणि कदंब, कुटज, केतकी यांचा बहर सांगितला आहे. हे वर्णन काव्यमय असले तरी तेथे त्याचे प्रयोजन निदानाचे आहे. व्याधीचे निदान जसे लक्षणांवरून, तसे ऋतूचे निदानही लक्षणांवरूनच करावयाचे, हा त्यातील आशय होय.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय याच्याही पुढे जातो. वायू, उदक, देश व काल या चार भावांच्या विकृतीची लक्षणे तेथे सांगितली आहेत. ज्या जलाशयास जलचर व पक्षी सोडून गेले आहेत, त्याचे पाणी विकृत समजावे असे म्हटले आहे. ज्या देशात मृग व पक्ष्यांचे समुदाय उद्भ्रांत व व्यथित झालेले दिसतात, तो देश विकृत समजावा असे म्हटले आहे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात प्राण्यांच्या वर्तनास इतक्या स्पष्टपणे साक्षीदार मानणारे उल्लेख विरळाच असतील.

लक्षणे देशपरत्वे बदलतात, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. सुश्रुतोक्त चक्रवाक आपल्याकडे हिवाळी पाहुणा आहे. वऱ्हाडातील धरणांवर तो थंडीत दिसतो आणि कडक उन्हाळ्यापूर्वीच उत्तरेकडे निघून जातो. वाशिमच्या ग्रीष्मात भ्रांत चक्रवाक शोधणारा वैद्य निराश होईल. पाण्यासाठी व्याकूळ मृग मात्र येथे आजही आहेत. कारंजा तालुक्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठीच राखलेले आहे, आणि वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणिगणना करण्याची विदर्भातील अभयारण्यांतील प्रथा याच व्याकुळतेवर आधारलेली आहे. तात्पर्य, ग्रंथांतून पद्धत घ्यावी आणि लक्षणांची यादी आपल्या अंगणातून तयार करावी.

अंगणातील खुणा : तीन अवस्था

सोयीसाठी आम्ही या खुणांचे तीन गट करतो.

पहिली अवस्था तीव्र ग्रीष्माची. पारा ४२ अंशांवर गेला की दुपारी अकरानंतर अंगण निःशब्द होते. कावळे, साळुंक्या व बुलबुल दाट सावलीत चोच उघडी ठेवून आणि पंख अंगापासून किंचित सुटे धरून बसतात. पक्ष्यांना स्वेदग्रंथी नसतात, त्यामुळे मुख व कंठ यांतून बाष्प बाहेर टाकूनच त्यांना शरीर थंड ठेवता येते. खार ओट्यावर किंवा माठाजवळच्या गार फरशीवर पोट टेकवून पालथी पडते. मधमाश्या पाण्याच्या भांड्यावर दाटीने येतात. हे पाणी त्या पोळ्यात नेऊन पसरतात आणि पंखांनी वारा घालून त्याच्या बाष्पीभवनाने पोळे थंड ठेवतात. पिण्यासाठी येणाऱ्या माश्यांची ये-जा सकाळी लवकर सुरू होऊन सायंकाळी उशिरापर्यंत चालू लागली, की रुग्णांना सूर्यतापापासून विशेष जपण्यास सांगण्याची वेळ आली असे समजावे. कोकिळेचे कूजन आणि दयाळाचे गायन याच काळात ऐन भरात असते, परंतु ती विणीच्या हंगामाची चिन्हे आहेत. कावळ्याची घरटी या काळात असतात आणि कोकिळा त्यांतच अंडी घालते, म्हणून तिचा हंगाम कावळ्याच्या हंगामाशी बांधलेला आहे.

दुसरी अवस्था संधीच्या पूर्वचिन्हांची. हवेत आर्द्रता वाढू लागते, वारा फिरतो, रात्रीही उकाडा हटत नाही. मुंग्या आपली अंडी व कोष तोंडात धरून बिळातून उंच जागी, बहुधा भिंतीच्या फटीत किंवा चौकटीवर हलवू लागतात. आपल्या पिलावळीस योग्य ओलावा व उष्णता मिळावी म्हणून त्या सतत जागा बदलीत असतात, आणि आर्द्रता पालटली की ही हालचाल ठळकपणे दिसते. नर सरड्याचे डोके व मान लालभडक होऊन तो कुंपणावर मान हलवीत बसतो. घरमाश्या आंब्याच्या साली-कोयींवर वाढतात. चातक याच सुमारास येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या बाजूने मध्य व उत्तर भारतात येतो. सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात तो अंडी घालतो, म्हणून ज्या परसात सातभाईंचा थवा असतो त्याच्या आसपास त्याची धातूसारखी तीक्ष्ण हाक ऐकू येण्याचा संभव अधिक. आम्ही या पूर्वचिन्हांपैकी एकट्यादुकट्या चिन्हावर विसंबत नाही. तीन-चार चिन्हे एकाच आठवड्यात एकत्र आली, तरच ऋतुसंधिकाळ सुरू झाला असे मानतो.

तिसरी अवस्था प्रावृट्‌च्या निश्चित प्रवेशाची. पहिल्या चांगल्या पावसानंतर सायंकाळी पंखवाली वाळवी, जिला आपल्याकडे उधई म्हणतात, वारुळातून थव्याने उडते व दिव्याभोवती पंख गाळते. नवे वारूळ खोदण्यासाठी तिला मऊ, ओली जमीन लागते, म्हणून माती खोलवर भिजल्याची ती साक्ष होय. कोतवाल, चिमण्या, पाली व भेक त्या मेजवानीवर तुटून पडतात. डबक्यात पाणी साचले की मोठे बेडूक डराव डराव करू लागतात, आणि त्यांतील नर पिवळेधमक झालेले असतात. ओल्या मोकळ्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा दिसतो. हाच सुश्रुतांचा इंद्रगोप. त्याचे बाल्य इतर कीटकांच्या अंगावर परोपजीवी म्हणून जाते, प्रौढपणी तो कीटकांची अंडी व सूक्ष्म जीव खातो, म्हणून शेतीस तो मित्र आहे. काही दिवसांनी गवत लांब झाले की सुगरण नर त्याच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून विहिरीवरील बाभळीस किंवा शिंदीस घरटे विणू लागतो. याच दिवसांत डोंगरउतारांवर कुडा पांढऱ्या फुलांनी भरलेला दिसतो. अतिसाराचा ऋतू आणि अतिसारघ्न कुटजाचा बहर एकाच वेळी यावा, हा योग वैद्याच्या नजरेतून सुटू नये.

अवकाळी पाऊस येथे फसवू शकतो. मे महिन्यातील एखाद्या जोरदार सरीनंतरही वाळवी उडू शकते, आणि नंतर पंधरा दिवस पुन्हा कडक ऊन पडते. अशा वेळी वाळवीची साक्ष खरी असते, परंतु ती भिजलेल्या मातीपुरतीच असते. बेडकांचे ओरडणे टिकून राहिले का, गवत वाढले का, सुगरण कामास लागली का, हे पाहिल्यावाचून वर्षाचर्या पूर्णपणे सुरू करू नये.

लोकसमजुतींचे मोल

वऱ्हाडात पक्षी व पाऊस यांविषयी अनेक समजुती आहेत. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या दिशेला व किती उंचीवर बांधले यावरून पावसाचे मान सांगितले जाते. चिमण्या धुळीत न्हाल्या म्हणजे पाऊस येतो म्हणतात. पावशा ‘पेरते व्हा’ असे ओरडला की पेरणीची वेळ झाली असे मानतात. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी विदर्भातील अरण्यांत आयुष्य वेचून असे बरेच पारंपरिक ज्ञान मराठीत नोंदवून ठेवले, हे त्यांचे आपणावरील ऋणच आहे.

वैद्याने या समजुतींची अवहेलना करू नये, मात्र त्यांची परीक्षा करावी. चिमण्यांचे धूलिस्नान पिसांतील परजीवी व तेलकटपणा काढण्यासाठी असते आणि जमीन कोरडी असेल तेव्हा ते केव्हाही दिसते. पावशा मार्चपासूनच, रात्री-अपरात्रीसुद्धा ओरडू लागतो. त्याची हाक विणीच्या हंगामाची असल्याने पहिल्या हाकेवर पेरणी केल्यास बियाणे वाया जाईल. प्राण्यांचे वर्तन सद्यःस्थितीतील उष्णता, आर्द्रता, अन्न व ओल यांना दिलेला प्रतिसाद असते. आज काय घडत आहे ते त्यावरून कळते. पुढील चार महिन्यांत किती पाऊस पडेल, हे त्यावरून सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही आणि वैद्यासाठी त्याची गरजही नाही. रुग्णास आज काय सांगावे, एवढेच वैद्यास ठरवावयाचे असते.

चिकित्सालयात व औषधालयात उपयोग

वाग्भटाचार्यांनी मावळत्या ऋतूचा शेवटचा आठवडा व उगवत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी सांगितला आहे. या चौदा दिवसांत पूर्वीची चर्या क्रमाने सोडावी व पुढची क्रमाने स्वीकारावी, एकाएकी बदल केल्यास असात्म्यज रोग होतात, असे त्यांचे सांगणे आहे. आता ज्याची सुरुवातच निश्चित नाही, तो पंधरवडा पाळावयाचा कसा? येथेच अंगणातील खुणा उपयोगी पडतात. दुसऱ्या अवस्थेतील चिन्हे एकत्र दिसू लागली की सरबते, ताक व थंड पेये यांचे प्रमाण चतुर्थांशाने कमी करण्यास सांगावे आणि उकळलेले पाणी सुरू करावे. तिसऱ्या अवस्थेची चिन्हे टिकून राहिली की जुने धान्य, मुगाचे यूष, सुंठ व मध यांवर भर द्यावा. नदीचे पाणी, दिवास्वप्न व अतिव्यायाम वर्ज्य सांगावेत. ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षेत प्रकुपित होतो आणि अग्नी आधीच दुर्बळ असतो. म्हणून बालक, वृद्ध व जुने वातरुग्ण यांना हा सल्ला पाऊस येण्यापूर्वीच मिळावयास हवा.

अतिसारात अंगणातील दुसरे एक निरीक्षण मोलाचे ठरते. घरमाश्यांची वाढ व विहिरीत शिरणारे पहिले गढूळ पाणी एकाच वेळी आले, की गावात रुग्ण येण्यापूर्वीच वैद्याने पाणी शुद्धीकरणाविषयी ग्रामपंचायतीस सावध करावे. बालकांच्या अतिसारात जलाल्पता झाल्यास क्षार-शर्करायुक्त जलपान तत्काळ सुरू करावे व लक्षणे तीव्र असल्यास रुग्णालयात पाठवावे.

औषधनिर्माते व औषध विक्रेते बंधूंसाठी तर मुंग्यांची हालचाल ही थेट सूचनाच होय. मुंग्या भिंतीवर चढू लागल्या म्हणजे कोठीतील हवा दमट होऊ लागली. त्याच आठवड्यात वनौषधींची पोती जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावीत. चूर्णे, क्षार व लवणे हवाबंद भांड्यांत भरावीत. गुग्गुळकल्प व गुटी ओल धरतात, त्यांची भांडी तपासावीत. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का ते पाहावे. कुटज, बिल्व, मुस्ता व शुंठी यांचे कल्प पाऊस लागल्यावर मागविण्याऐवजी या पूर्वचिन्हांवरच मागविल्यास ऐन वेळी तुटवडा पडत नाही. मृगाचा किडा तेलासाठी व घोरपड चरबीसाठी विकावयास आणणारे लोक याच दिवसांत दुकानात येतात. घोरपडीस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तिची चरबी वा तेल बाळगणे हाही अपराध आहे. मृगाच्या किड्याचा व्यापारही आपल्या व्यवसायास शोभणारा नाही, हे आम्ही आग्रहपूर्वक नमूद करतो.

सर्प व वृश्चिकदंश : येथे विलंब नको

या ऋतुसंधिकाळातील सर्वांत गंभीर भाग दंशाचा आहे. पहिल्या पावसात बिळात पाणी शिरते, उंदीर व बेडूक घराच्या आश्रयास येतात आणि त्यांच्यामागून सर्प येतात. अंगणात बेडकांचा पहिला गजर झाला, त्या रात्रीपासून प्रत्येक घरी सावधगिरी हवी. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. त्यांपैकी सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले.

मण्याराविषयी वैद्यांनी विशेष सजग असावे. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यास दंश करतो. दंशाची खूण व वेदना जवळजवळ नसतातच. पहाटे रुग्ण पोटदुखीची तक्रार घेऊन येतो, पापण्या जड झालेल्या असतात, गिळता येत नाही. या दिवसांत जमिनीवर झोपलेल्या माणसास अकस्मात पहाटे उदरशूल झाला आणि पापण्या मिटू लागल्या, तर अजीर्णाची चिकित्सा करीत बसू नये. नागाच्या विषानेही श्वसन बंद पडते, तर घोणसाच्या विषाने सूज, रक्तस्राव व वृक्कघात होतो. अशा प्रत्येक वेळी दंशस्थानी छेद देणे, चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे टाळावे. रुग्णास धीर द्यावा, अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे. चरकसंहितेत वर्षाकाळी विष गुळाप्रमाणे पाझरून पसरते असे म्हटले आहे. तो आचार्यांचा इशारा त्वरेचा आहे, हे विसरू नये. अगदतंत्राचा अभिमान बाळगणाऱ्या वैद्याने रुग्ण वेळेत पोहोचविला, तर त्यात त्याच्या शास्त्रास काहीच उणेपणा नाही.

लाल विंचवाच्या दंशातही घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय व धाप ही लक्षणे दिसताच रुग्णास पाठवावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग प्रचारात आणल्यापासून या दंशातील मृत्यू पुष्कळ कमी झाले आहेत, परंतु त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचणे आवश्यक असते.

नोंदवही

हे सर्व ज्ञान स्मरणावर सोडल्यास त्याचा उपयोग होत नाही. प्रत्येक वैद्याने चैत्र पाडव्यापासून आषाढअखेरपर्यंत एक साधी नोंदवही ठेवावी. सकाळी दहा मिनिटे व सायंकाळी दहा मिनिटे अंगणात बसावे. दिनांक व तिथी, वाऱ्याची दिशा, पाऊस, दिसलेले व ऐकलेले प्राणी, त्यांचे वर्तन आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी आलेल्या रुग्णांपैकी ज्वर, अतिसार, संधिशूल व दंश यांची संख्या लिहावी. रुग्णाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. न दिसलेल्या गोष्टीही लिहाव्यात, कारण ‘आज बेडूक ओरडला नाही’ ही नोंददेखील उद्या उपयोगी पडते. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या गावात कोणत्या खुणेनंतर किती दिवसांनी अतिसाराचे रुग्ण वाढतात, हे प्रत्येकास स्वतःच्या आकड्यांवरून सांगता येईल. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा व वाशिम या सहा तालुक्यांतील वैद्यांनी अशा नोंदी ठेवून पावसाळा सरल्यावर एकत्र बसून ताडून पाहिल्या, तर वाशिम जिल्ह्याची स्वतःची ऋतुलक्षणे प्रथमच लिखित स्वरूपात सिद्ध होतील.

मात्र ही लक्षणे वाचण्यासाठी अंगण जिवंत राहिले पाहिजे. परसात फरशी झाली, कुंपणाची झाडोऱ्याची रांग तुटली, शेवटचा निंब पडला, की सातभाई जातात आणि त्यांच्यामागून चातकही जातो. मोकळी माती नाहीशी झाली की मृगाचा किडा दिसत नाही. साचलेल्या पाण्याच्या भीतीने प्रत्येक डबके बुजविले, की बेडूक मुका होतो. डासांची चिंता रास्तच आहे, म्हणून घरातील टाक्या झाकाव्यात व भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीत, परंतु नाल्याकाठचे बेडकांचे पाणी राहू द्यावे. चिकित्सालयाच्या मागे हातभर माती उघडी ठेवावी, उथळ परळात रोज ताजे पाणी भरावे आणि एखादे कुड्याचे व निंबाचे झाड लावावे. यास फारसा खर्च येत नाही, आणि ऋतू ओळखण्याचे वैद्याचे हे साधन त्यामुळे पुढील पिढीच्या वैद्यांच्याही हाती राहील.